‘राज्य’ हा शब्द लहान घाला : केंद्रातल्या आघाडीच्या नेत्यांना फोंड्याहून खुले पत्र

प्रति,
राष्ट्रीय लोकशाही आघाडीतील सर्व घटक पक्षांचे नेते,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

९ जून २०२४ च्या संध्याकाळी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात आपण एकामागून एक शपथा घेत होतात, तेव्हा मी फोंड्यातल्या माझ्या दुकानात संगणकासमोर बसले होते. बाहेर मिरगाचा पाऊस, आत टीव्ही चालू. डीटीपी, हँडबिले, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स असा माझा धंदा आहे. उत्तर गोव्याचे खासदार श्रीपाद नाईक यांनी शपथ घेतली आणि तासाभरात पहिली ऑर्डर आली. आठ बाय चारचा फ्लेक्स, कोपऱ्यांना आयलेट, सकाळी सातला तिठ्यावर लागला पाहिजे. मजकूर : ‘केंद्रीय राज्यमंत्रीपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

प्रूफ बघायला आलेला कार्यकर्ता पडद्याजवळ वाकला, थोडा घुटमळला आणि म्हणाला, “बाय, तें ‘राज्य’ मातशें ल्हान कर गो.”

मी केले. गिऱ्हाईक सांगेल ते करायचे, हा आमचा धर्म. ‘केंद्रीय’ आणि ‘मंत्री’ ठळक, मध्ये ‘राज्य’ इतका बारीक की रस्त्याच्या पलीकडून दिसू नये. पण तो शब्द लहान करताना मनात आले ते दिल्लीपर्यंत पोचवावे, असे तेव्हापासून घोळत होते. आज लिहायला बसले.

मला राजकारणाची पुस्तकी माहिती फार नाही. पण पक्षांची पत्रके छापून छापून जी समज येते, ती आहे. त्या समजुतीने विचारते, की तुमच्यामध्ये जे ठरले ते लिहून ठेवले आहे का? आणि ठेवले असेल, तर ते आम्हाला वाचायला का मिळत नाही?

त्या दिवशी पंतप्रधान धरून ७२ जणांनी शपथ घेतली. ३० कॅबिनेट, ५ स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री, ३६ नुसते राज्यमंत्री. घटनेच्या ९१ व्या दुरुस्तीने मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, म्हणजे ८१. तेव्हा नऊ जागा शिल्लक ठेवल्यात, हे हुशारीचे. नाराजांसाठी काहीतरी ताटात राहायला हवे. आमच्या गोव्यात चाळीस आमदारांमागे बाराच मंत्री करता येतात, ताटात काही उरत नाही. मग महामंडळांची अध्यक्षपदे वाढावी लागतात.

आता वाटपाकडे येते. भाजपचे २४०, बहुमताला हवेत २७२. म्हणजे मित्रपक्षांशिवाय सरकार नाही, हे दहा वर्षांनी पहिल्यांदा घडले. तेलुगू देसमचे १६ खासदार, त्यांना एक कॅबिनेट आणि एक राज्यमंत्री. जनता दल (संयुक्त)चे १२, त्यांनाही तेवढेच. लोकजनशक्ती (रामविलास)चे ५, चिराग पासवान कॅबिनेटमध्ये. जनता दल (सेक्युलर)चे २, कुमारस्वामी कॅबिनेटमध्ये. हिंदुस्तानी अवाम मोर्चाचे जीतनराम मांझी आपल्या पक्षाचे एकटेच खासदार, तेही कॅबिनेटमध्ये. आणि शिंदेंच्या शिवसेनेचे ७ खासदार असून प्रतापराव जाधवांना स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्रिपद. अजित पवारांच्या राष्ट्रवादीने तर तेही नाकारले, कारण प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते. खाली कसे उतरणार?

यात काही हिशेब आहे का, म्हणून मी कागदावर त्रैराशिक मांडून पाहिले. जमत नाही. एकाला कॅबिनेट तर साताला का नाही? काँग्रेसच्या सिद्धरामय्यांच्या कर्नाटकात मित्र हवा होता, महादलित समाजाचा ज्येष्ठ चेहरा हवा होता, अशी उत्तरे लोक देतात, आणि ती खोटी नसतील. पण ती लोकांनी लावलेली उत्तरे आहेत. तुम्ही दिलेली नाहीत.

आमच्याकडे देवळांत उत्सव संपला की पावणी होते. देवाला आलेले नारळ, केळ्यांचे घड, फणस पुकारायला काढतात. बाजारात चाळीस रुपयांचा नारळ पावणीत पाच हजारांना गेलेला मी पाहिला आहे. त्यात वाईट काही नाही. पैसा देवाचा आणि पुकारा सगळ्यांदेखत. कोणी किती बोली केली हे मंडपातल्या पोरालाही माहीत असते, आणि देवस्थानच्या वहीत दुसऱ्या दिवशी आकडा चढतो. तुमच्या वाटपावर ‘ही पावणी झाली’ अशी टीका मी दुकानात ऐकते तेव्हा मला पावणीचाच अपमान वाटतो. तिथे वही असते हो.

हे सगळे गोव्याला का लागावे? आमचे दोन खासदार. त्यातले दक्षिणेचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस काँग्रेसचे, म्हणजे तुमच्या समोरच्या बाकावर. उत्तरेचे श्रीपादभाऊ १९९९ पासून सलग सहा वेळा निवडून आलेले. वाजपेयींच्या सरकारातही ते राज्यमंत्री होते, आजही राज्यमंत्री. सहा टर्म म्हणजे माझ्या दुकानाच्या वयापेक्षा जास्त. त्यांच्यावर माझा रोष नाही. गोव्याचा एक माणूस २०१४ मध्ये खऱ्या अर्थाने कॅबिनेटच्या वजनदार खुर्चीत बसला तो मनोहर पर्रीकर, संरक्षणमंत्री. आणि त्यांनाही राज्यसभेत जागा मिळाली ती उत्तर प्रदेशातून.

कॅबिनेट आणि राज्यमंत्री यांतला फरक फ्लेक्सवर लहान करता येतो, नदीकाठी नाही.

म्हादईबद्दल बोलते आहे. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात उगम, सत्तरीतून गोव्यात, पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्रात. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादई जलविवाद लवादाने कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, त्यातले ३.९ टीएमसी कळसा आणि भांडुरा नाल्यांवरून मलप्रभा नदीकडे वळवायचे. गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र, तिन्ही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. खटला तिथे असतानाच डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सविस्तर प्रकल्प अहवालाला मान्यता दिली, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लवादाचा निवाडा राबवायला ‘प्रवाह’ नावाचे प्राधिकरण नेमले. त्या मंत्रिमंडळाच्या टेबलावर गोव्याचे कोणी नव्हते. नियमाने नसतेच, राज्यमंत्री कॅबिनेटच्या बैठकीत बसत नाहीत.

२०२४ मध्ये नवे सरकार आले आणि खाती जाहीर झाली. श्रीपादभाऊंना ऊर्जा आणि नवीन व नवीकरणीय ऊर्जा ही दोन खाती, अर्थात राज्यमंत्री म्हणून. त्यातल्या दुसऱ्या खात्याचे कॅबिनेट मंत्री कोण? प्रल्हाद जोशी. ते कुठले खासदार? धारवाडचे. म्हादईचे पाणी ज्या हुबळी-धारवाडला न्यायचे म्हणून गेली कित्येक वर्षे मोर्चे निघतात, तिथले.

हे वाचून मी खुर्चीत मागे रेलले. कुणी मुद्दाम केले असेल असे मी म्हणत नाही. सौर पॅनेलचा आणि म्हादईचा काय संबंध? दोघांमध्ये काही बिनसले आहे असेही ऐकलेले नाही. पण रचना बघा. उत्तर गोव्याचा खासदार धारवाडच्या खासदाराच्या हाताखाली. शिवाय कर्नाटकातून कॅबिनेटमध्ये जोशी, कुमारस्वामी आणि राज्यसभेतून गेलेल्या निर्मला सीतारामन. कर्नाटकाच्या लोकसभेच्या जागा २८, आमच्या २. ज्या सरकारला बहुमतासाठी एकेक खासदार मोजावा लागतो, तिथे २८ आणि २ यांत नदी कुठल्या बाजूला वाहील, याला जलतज्ज्ञ लागत नाही.

आमचे हात धुतल्या तांदळासारखे आहेत असेही नाही. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई अभयारण्याच्या परिसरात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, आणि आमचेच सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. वाघ झाला असता तर पाण्यालाही राखण मिळाली असती, असे सत्तरीतले जाणकार सांगतात. असो. आमचे भांडण आम्ही इथे भांडू.

तुमचा २३ जुलै २०२४ चा अर्थसंकल्प. अमरावती राजधानीसाठी १५,००० कोटींची सोय, बिहारच्या रस्त्यांसाठी २६,००० कोटी. पुढच्या वर्षी बिहारला मखाना बोर्ड. मला असूया नाही. बिहारमध्ये पूर येतात, आंध्रची राजधानी हैदराबादबरोबर गेली, दोघांनाही पैसे लागतात. माझ्या दुकानासमोरच्या इमारतीवर स्लॅब घालणारी पोरे बिहारचीच आहेत. त्यांच्या गावी रस्ता झाला तर चांगलेच. पण हा पैसा गरज पाहून गेला की १६ आणि १२ हे आकडे पाहून, हे मला कळायचे कसे? तेलुगू देसम मार्च २०१८ मध्ये विशेष दर्जाच्या प्रश्नावरून तुमच्यातून बाहेर पडला, २०२४ ला परत आला. जनता दल (संयुक्त) ऑगस्ट २०२२ मध्ये गेला, जानेवारी २०२४ मध्ये परत. जाताना कारण जाहीर केले गेले. येताना कशावर जुळले, तो कागद कुठे आहे?

लोकसभेच्या निवडणुकीत, ७ मे २०२४ ला आमच्याकडे मतदान झाले, त्याआधी माझ्याकडून कुणी ए-पाच आकाराची हजार पत्रके छापून घेतली तरी मला तळाशी छापावे लागत होते : मुद्रक कोण, प्रकाशक कोण, पत्ता. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क. प्रकाशकाकडून दोन साक्षीदारांच्या सहीचे घोषणापत्र घ्यायचे आणि छापलेली प्रत सरकारकडे पाठवायची. चुकले तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकदा घाईत एका पंचाच्या पत्रकावर माझे नाव घालायचे राहिले, तर रात्री अकराला हजार पत्रकांवर रबरी शिक्का मारत बसले होते, भाच्याला हाताशी घेऊन. हजार पत्रकांना मुद्रक लागतो, आणि एकशे चाळीस कोटींचा कारभार ज्या समझोत्यावर चालतो त्याला मुद्रक नाही, प्रकाशक नाही, प्रतच नाही!

पूर्वी असे नव्हते. १९९६ मध्ये तेरा पक्षांच्या संयुक्त आघाडीने किमान समान कार्यक्रम लिहून जाहीर केला होता. त्या वर्षी गोव्याचे दोन्ही खासदार स्थानिक पक्षांचे होते, उत्तरेतून मगोचे (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) रमाकांत खलप, दक्षिणेतून युगोडेपाचे (युनायटेड गोवन्स डेमोक्रॅटिक पार्टी) चर्चिल आलेमाव. आणि मगोचा एकुलता खासदार देशाचा कायदा राज्यमंत्री झाला. महिला आरक्षणाचे पहिले विधेयक सप्टेंबर १९९६ मध्ये लोकसभेत आले ते त्याच काळात. आघाडी सरकार म्हणजे कमकुवत सरकार असे जे म्हणतात, त्यांना मी हे सांगते. एकाच पक्षाच्या राक्षसी बहुमतात आमच्या सिंहाला, म्हणजे मगोच्या चिन्हाला, दिल्लीत कोणी दारात उभे केले नसते. ते सरकार दीड-दोन वर्षांत दोन पंतप्रधान करून पडले, हेही खरे. (तेच खलप २०२४ मध्ये काँग्रेसच्या हातावर श्रीपादभाऊंविरुद्ध उभे होते. आमच्या राज्यात पक्ष बदलतो, फोटो तोच राहतो.)

वाजपेयींनी १९९८ मध्ये मित्रपक्षांसह ‘राष्ट्रीय कार्यक्रमपत्रिका’ काढली होती; तुमच्याच आघाडीची परंपरा आहे ही. सरकार एका मताने पडले १९९९ च्या एप्रिलमध्ये, पण कशावर एकत्र आलो होतो हे लोकांना माहीत होते. २००४ ला डॉ. मनमोहन सिंग यांच्या सरकारने कार्यक्रम छापला, त्यात रोजगार हमीचा कायदा करू असे लिहिले होते, आणि २००५ मध्ये तो झाला. डाव्यांनी जुलै २००८ मध्ये अणुकरारावरून पाठिंबा काढला, तेव्हाही भांडण कार्यक्रमाच्या मजकुरावर टेकून झाले. कागद असला की भांडायलाही जागा असते.

२०२४ मध्ये तुम्ही ५ जूनला बैठक घेऊन नेता निवडल्याचा ठराव सह्यांसह काढलात. नेता कोण ते कळले. काय करणार ते प्रत्येक पक्षाच्या वेगळ्या जाहीरनाम्यात, आणि ते जाहीरनामे एकमेकांशी बोलत नाहीत. विरोधी ‘इंडिया’ आघाडीनेही एकत्रित जाहीरनामा काढला नव्हता. तेव्हा त्यांचे २३०-३५ उद्या २७२ झाले तर हेच पत्र नाव बदलून त्यांना पाठवीन. माझ्याकडे नाव बदलायची सोय तयार असते.

ती कशी, ते सांगते. एका आमदाराची कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली फाइल माझ्याकडे आहे. नाव नको, तालुकाही नको. वाढदिवस, चवथ, नाताळ, सगळ्याचे फ्लेक्स त्याच फाइलमधून निघतात. खालच्या लेयरवर फोटो, हात जोडलेले, वर नाव, त्याच्या वर चिन्ह आणि रंग. दहा वर्षांत तो वरचा लेयर मी तीनदा बदलला. फोटोला हात लावायची गरज पडली नाही.

गोव्यातल्या पोरांना अपूर्णांक शिकवायला वेगळी शिकवणी नको. पक्षांतरबंदी कायद्यात विलीनीकरणाला दोनतृतीयांश लागतात. मार्च २०१९ मध्ये मध्यरात्रीनंतर मगोच्या तिघांतले दोघे भाजपमध्ये गेले, बरोबर दोनतृतीयांश. त्याच जुलैमध्ये काँग्रेसच्या पंधरांतले दहा, बरोबर दोनतृतीयांश. सप्टेंबर २०२२ मध्ये अकरांतले आठ. सात पुरले नसते. आणि २०१७ मध्ये काँग्रेसचे १७ आणि भाजपचे १३ असताना, पर्रीकर मुख्यमंत्री होणार असतील तरच पाठिंबा, अशी अट मगो आणि गोवा फॉरवर्ड या मित्रपक्षांनी घातली म्हणून देशाचा संरक्षणमंत्री दिल्ली सोडून पणजीला आला. दोन वर्षांनी पर्रीकर गेले, पहाटे दोनच्या सुमारास नव्या मुख्यमंत्र्यांची शपथ झाली, आणि चार महिन्यांत ते दोन्ही मित्रपक्ष सरकारबाहेर होते. मगोवाले २०२२ ला परत आत आले. आघाडी कशी बनते, कशी चालते आणि मित्र कसा गिळला जातो, हे आम्ही घराच्या सोप्यावर बसून पाहिले आहे. तुमच्यातल्या एक-दोन खासदारांच्या पक्षांनी आमच्याकडे चार दिवस सहलीला यावे.

तुम्ही म्हणाल, कागदाने काय होते? बरोबर आहे. २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रूसासमोर आणि बेतीच्या दर्ग्यात पक्षांतर न करण्याच्या शपथा घेतल्या, प्रतिज्ञापत्रांवर सह्याही केल्या. सात महिन्यांत आठ जण गेले. देव थकला तिथे कागद काय करील? पण मी मागते तो कागद माणसाला बांधून ठेवायचा नाही. तो आम्हाला ताडून पाहायचा आहे. आमदार पळाला तर मला कळतेच, फ्लेक्सची ऑर्डर येते. नदी गेली तर कोणी ऑर्डर द्यायला येत नाही.

म्हणून त्या कागदात काय असावे तेही सांगते. खाती कुठल्या निकषाने वाटली ते दोन ओळींत असू द्या, अगदी ‘राजकीय गरज’ एवढेच लिहिलेत तरी चालेल, निदान खरे असेल. कुठल्या राज्याला काय कबूल केले ते आकड्यासकट यावे. आणि एक कलम माझ्या हट्टाचे : दोन राज्यांमध्ये पाण्याचा किंवा सीमेचा वाद न्यायालयात असेल, तर त्या विषयावर मंत्रिमंडळात निर्णय होताना त्या राज्यांच्या मंत्र्यांनी बाहेर बसावे, आणि दोन्ही राज्यांचे म्हणणे आधी लेखी घ्यावे. आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या सभेत स्वतःच्या जमिनीचा विषय निघाला की माणूस उठून बाहेर विडा खायला जातो. घटनेच्या २६३ व्या कलमाखाली आंतरराज्य परिषद आहे; तिची अकरावी बैठक जुलै २०१६ मध्ये झाली आणि मग वर्षानुवर्षे खुर्च्यांवर धूळ. ती पुन्हा भरवा. तिथे गोव्याचा मुख्यमंत्री कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्याशेजारी बसतो, २ आणि २८ तिथे मोजत नाहीत.

गोव्यासाठी काही होतच नाही असे म्हणून रडत नाही. अनुसूचित जमातींना विधानसभेत जागा देण्याचे विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये तुम्हीच मांडलेत आणि वर्षभराने, ऑगस्ट २०२५ मध्ये, संमतही केलेत. गावडा-वेळीप समाजाने त्यासाठी किती वर्षे खेपा घातल्या ते आम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या मोर्च्यांची पत्रकेही मीच छापली, अर्ध्या दरात.

२०२७ च्या सुरुवातीला आमची विधानसभा. तुमचे सगळे पक्ष इथे येतील, नवे मित्र, जुने मित्र, कालचे शत्रू. मी सगळ्यांचे छापीन. त्याआधी तुमच्या आघाडीचा कार्यक्रम मराठीत आणि कोकणीत छापायचा झाला तर पहिल्या हजार प्रती माझ्याकडून फुकट, मुद्रक म्हणून तळाशी नाव मात्र माझे. मजकूर ईमेलने पाठवा, आणि युनिकोडमध्येच पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये पाठवलात तर इथे उघडल्यावर जोडाक्षरे फुटतात.

आपली,
फोंड्यातली एक छपाईवाली